तास नव्हे, वाचन वाढवा

मराठी शाळांतील मुले दहावीपर्यंत इंग्रजी शिकूनही दोन वाक्ये बोलू शकत नाहीत, ही खंत मांडणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. खंत रास्त आहे. सुचवलेले व्याकरणाचे जादा तास मात्र पटत नाहीत. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. वर्षे कमी पडत नाहीत, कमी पडते ते समजेल असे वाचन. भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांच्या अभ्यासानुसार, कथा-कादंबरी मदतीशिवाय कळायला सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. आपल्याकडे आठवीतले मूल एकेका ओळीत दोन-तीनदा अडते. मग शब्दांवर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिले जातात, गाइडमधली उत्तरे पाठ होतात आणि तो शब्द पुढे क्वचितच भेटतो. शब्द अंगवळणी पडायला तो निरनिराळ्या वाक्यांत अनेकदा भेटावा लागतो. एकट्या पाठ्यपुस्तकाचे ते काम नाही.

वर्गात सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या लावलेली चाळीस-पन्नास गोष्टींची पुस्तके ठेवावीत. मुलाने कोणत्याही पानावरचे शंभर शब्द वाचावेत. दोनांहून अधिक अडले, तर खालच्या पायरीचे पुस्तक घ्यावे. ते चौथीचे निघाले तरी कमीपणा मानू नये, आणि हे पालकांनाही सांगायला हवे. रोज पंधरा मिनिटे, परीक्षेविना. मग तीच गोष्ट शेजारच्याला चार इंग्रजी वाक्यांत सांगायची. त्या वेळी शिक्षकांनी चुकांसाठी अडवू नये. मध्येच तोडलेले मूल पुढचे वाक्य बोलतच नाही.

– एक इंग्रजी शिक्षिका, सांगली