आजोबांच्या इम्प्लांटची निगा राखणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

आजोबांची खालची कवळी आता बोलताना उचलली जात नाही, चावताना घसरत नाही. त्याचं श्रेय सगळे शस्त्रक्रियेला देतात. पण शस्त्रक्रिया एका बैठकीत संपते. ऐंशीच्या पुढच्या माणसाच्या तोंडात इम्प्लांट, म्हणजे कवळी धरून ठेवण्यासाठी जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू, टिकतं ते रोज साफ करणाऱ्या हातामुळे. आजोबांच्या बाबतीत तो हात तुमचा आहे. पत्र उघड लिहितोय, कारण तुम्ही जे करता ते इतर घरांतही करता येईल.

सर्वांत आधी आभार त्या औषधांच्या पिशवीबद्दल. कोणत्या गोळ्या चालू आहेत असं विचारलं की बहुतेकदा "बीपी आणि शुगर" एवढंच उत्तर मिळतं. तुम्ही सगळी पाकिटं टेबलावर मांडलीत आणि त्यात अलेंड्रोनेट निघालं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी रोजच्या डब्यात नसते, त्यामुळे सांगायची हमखास राहते. ती हाडाची झीज रोखते, पण हाडाची स्वतःची डागडुजीही मंदावते. अशा जबड्यात शस्त्रक्रिया केली तर क्वचित जखम भरत नाही आणि हाड उघडं पडून मरतं. नुसती गोळी घेणाऱ्यांना हा धोका कमी असतो, पण कॅन्सरसाठी याच गटातली औषधं शिरेतून मोठ्या मात्रेत दिली जातात तेव्हा बराच जास्त. हाडांसाठीच सहा महिन्यांनी घ्यायच्या, असाच धोका असलेल्या डेनोसुमॅबच्या इंजेक्शनचं तर घरात पाकीटही नसतं, ते आठवणीनेच सांगावं लागतं.

रक्त पातळ करणारी गोळी तुम्ही परस्पर बंद केली नाहीत, आधी फिजिशियनना विचारलंत, हेही फार चांगलं केलंत. दोन इम्प्लांटच्या जागचं रक्त दाबून धरून आणि टाके घालून थांबवता येतं. गोळी थांबवल्यामुळे मेंदूत किंवा हृदयात गुठळी झाली तर तिला असा सोपा उपाय नसतो.

वय ही इम्प्लांटला आडकाठी नाही. बेताबाहेरची साखर, धूम्रपान आणि साफसफाईचा अभाव ही खरी आडकाठी. सगळे दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी हा पहिला पर्याय असावा, असं तज्ज्ञांनी २००२ साली मॅकगिल विद्यापीठातल्या परिषदेत एकमताने मांडलं. टायटॅनियमचा स्क्रू हाडाशी एकजीव व्हायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात, वरच्या जबड्यात हाड भुसभुशीत असल्याने चार ते सहा. त्या काळात जुनी कवळी आतून कोरून मऊ अस्तर लावून दिली होती, आणि तुम्ही जेवणही मऊच ठेवलंत. बरं होत असलेल्या इम्प्लांटवर दाब पडून ते सूक्ष्म हललं, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतुमय ऊतक तयार होतं आणि ते कधीच पक्कं होत नाही.

आता मुख्य गोष्ट. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो, त्यातूनच दाताची बरीचशी जाणीव होते. इम्प्लांटला तो थर नाही. त्यामुळे हिरडीत जंतुसंसर्ग वाढत गेला तरी बऱ्याचदा दुखत नाही आणि इम्प्लांट हलतही नाही. हलायला लागेपर्यंत हाड गेलेलं असतं. म्हणून "डावीकडच्या बटणाभोवती ब्रशला रक्त लागलं" (बटण म्हणजे इम्प्लांटचं हिरडीबाहेर दिसणारं टोक, ज्यावर कवळी बसते) असं तुम्ही त्याच दिवशी कळवलंत, ते इतकं महत्त्वाचं होतं. जिभेच्या बाजूला, समोरून न दिसणाऱ्या जागी, टार्टरची, म्हणजे साचून कडक झालेल्या मळाची, बारीक कड जमली होती. सूज हिरडीपुरती असताना सफाईने ती पूर्ण उतरते. एकदा हाड झिजलं की ते आपोआप भरून येत नाही.

तुमची पद्धत इतरांनी जशीच्या तशी उचलावी. कवळी काढायची, टॉर्च धरायचा, एकाच झुपक्याचा छोटा ब्रश हिरडी आणि धातू जिथे मिळतात तिथे टेकवून प्रत्येक बटणाभोवती पूर्ण फिरवायचा, जिभेकडची बाजू आधी. मग बटणाच्या डोक्यावरचा खळगा. त्यात अन्न साचून कडक झालं की कवळी पूर्ण खाली बसत नाही. मग माणूस ती चावून बसवायला जातो आणि कवळीच्या आतल्या, बटणांना पकडणाऱ्या नायलॉनच्या चकत्या फाटतात. कवळी दोन्ही अंगठ्यांनी दाबूनच बसवायची, टिचबटण लागल्यासारखा आवाज येईपर्यंत.

चकत्यांबद्दल वेगळे आभार. आजोबा रात्री कवळी काढत नाहीत, याचं कारण हट्ट नसून संधिवाताची बोटं आहेत, हे तुम्ही ओळखलंत. आजोबांच्या बटणांच्या प्रकारात रंगावरून पकड कळते: पारदर्शक चकतीची सुमारे २.३ किलो, गुलाबीची १.४, निळीची ०.७. गुलाबी काढून निळ्या बसवल्या आणि कवळी त्यांच्या हाताने निघू लागली. चकत्या झिजतातच, साधारण वर्षाने बदलाव्या लागतात. पकड ढिली झाली म्हणजे इम्प्लांट बिघडलं असं नव्हे. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची. गरम पाण्याने ती वाकडी होते, ब्लीचने धातू गंजतो. ती घालून झोपणाऱ्या वयोवृद्धांमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण जास्त आढळलं आहे, म्हणून ही सवय निव्वळ स्वच्छतेपुरती नाही.

इम्प्लांटची कंपनी, व्यास आणि लांबी लिहिलेलं कार्ड तुम्ही मागून घेतलंत आणि आजोबांच्या फाइलमध्ये लावलंत. प्रत्येक कंपनीचा स्क्रू उघडायचं हत्यार वेगळं असतं; कार्ड नसेल तर नव्या डॉक्टरांना एक्स-रेवरून अंदाज बांधत बसावं लागतं. पुढे आजोबांना कवळी झेपेनाशी झाली, तर त्याच कार्डावरून बटणं काढून तिथे सपाट झाकणं बसवता येतील.

एक विनंती. तुम्ही सुट्टीवर जाणार असाल किंवा काम बदलणार असाल, तर तुमच्या जागी येणाऱ्या व्यक्तीला आधी एकदा आमच्याकडे घेऊन या. ब्रश तिच्या हातात देऊ, आजोबांना खुर्चीत बसवू, आणि कसं करायचं ते तुम्हीच दाखवा.

मनापासून आभार.

तुमचे,
आजोबांचे दंतवैद्य आणि दवाखान्यातले सगळे