नवं सीटी मशीन आलं, आता त्या ४५ सेकंदांचं बघा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. गेल्या महिन्यात पन्नाशीचे एक शेतकरी आले. डोळे हळदीसारखे पिवळे, हातांवर खाजवल्याचे ओरखडे. गावात काविळीची माळ बांधून झाली होती. पिशवीत एका रुग्णालयातल्या सीटीच्या फिल्म होत्या आणि रिपोर्ट होता : स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग जाड वाटतो, पुढील तपासणी करावी. पुन्हा सीटी केला. पुन्हा डाय (स्कॅनमध्ये अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेत सोडायचं औषध), पुन्हा रेडिएशन, पुन्हा एसटीचं भाडं. गाठ निघाली.

रिपोर्ट लिहिणाऱ्याला दोष देत नाही. त्याच्या हाती आलेल्या फिल्मवर ती दिसणं कठीणच होतं. डाय नसेत सोडल्यावर ४० ते ४५ सेकंदांनी स्वादुपिंड चांगलं उजळतं आणि बहुतेक कॅन्सरच्या गाठी त्यात काळपट उठून दिसतात. ७० सेकंदांच्या सुमारास यकृत आणि शिरा भरतात. यकृतात पसरलंय का, ते तेव्हा कळतं. म्हणून स्कॅन दोन्ही वेळा हवा, आणि चित्रांचे काप ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पिशव्यांत ‘पोटाचा सीटी’ म्हणून ७० सेकंदांनंतरच्या स्कॅनची एकच फेरी असते, तीही जाड कापांची. गाठीने आतड्याच्या मुख्य धमनीला अर्ध्याहून जास्त वेढलंय का, हे सर्जनला ऑपरेशन ठरवण्याआधी हवं असतं. ते अशा फिल्मवरून कोण सांगणार?

नव्या मशीनची फीत आपण जरूर कापा. पण हे १६ स्लाइसच्या, म्हणजे साध्या मशीनवरही जमतं. लागतो तो डाय ठरावीक वेगाने सोडणारा, चालू स्थितीतला प्रेशर इंजेक्टर, हाताच्या शिरेत जाड सुई, पोटात डायऐवजी साधं पाणी आणि घड्याळाकडे लक्ष असलेला टेक्निशियन.

एक परिपत्रक काढा. स्वादुपिंडाची शंका असेल तिथे दोन फेऱ्या सक्तीच्या करा. काविळीत स्टेंट (पित्तनलिका उघडी ठेवणारी नळी) टाकायचा असेल तर शक्यतो त्याआधी सीटी व्हावा, कारण नंतरच्या सुजेत गाठीची कड हरवते. पेशंटच्या हातात फिल्मबरोबर सगळ्या पातळ कापांची सीडी द्या. खासगी भागीदारीतल्या केंद्रांच्या करारातही हेच घाला. तिथे पैसे प्रत्येक स्कॅनमागे मोजले जात असतील, तर दुसऱ्या फेरीचा कंटाळा येणारच.

मसुदा मी लिहून देतो. एका पानाच्या वर जाणार नाही.

आपला,
जिल्ह्याच्या गावातला एक रेडिओलॉजिस्ट