बोअर आखाजीपर्यंत थांबवा

ती. आई आणि आबांस,
सा. न. वि. वि.

दादाचा फोन आला होता. चौथा बोअर मारायचं ठरलंय, पाणाड्या नारळ फिरवून गेला, गाडीवाल्याशीही बोलणं झालंय म्हणे. आबा, एवढं ऐका. आखाजीला मी येतेच आहे, तोवर गाडी बोलावू नका.

तुम्ही म्हणाल, मागे पोरीचं ऐकून काय मिळालं? खरं आहे. एमएस्सीला असताना जमिनीत करंट सोडून पाणी शोधायचं कॉलेजचं यंत्र घेऊन आले होते. माती इतकी कोरडी, की सळयांतून करंट उतरेना, म्हणून प्रत्येक सळईच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतलं. आई म्हणाली होती, "जमिनीलाही अळणी चालत नाही का गं?" मी खूण केली, तुम्ही 300 फूट नेलं, आणि नुसती धूळ उडाली. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. रागावला असतात तर बरं वाटलं असतं.

चूक मला फार उशिरा कळली. मी एकाच जागी मापलं होतं, आणि त्या पद्धतीत जमिनीचे थर भाकरीच्या चवडीसारखे आडवे धरतात. आपल्या साक्रीकडे तर बेसाल्टात उभ्या भिंती घुसल्यात, डाइक म्हणतात त्यांना. आपल्या बांधापलीकडची काळ्या दगडांची धार हे अशाच एका भिंतीचं डोकं. वरच्या अंगाला पाणी तुंबतं, खालचं अंग कोरडं राहतं. काकांची विहीर वरच्या अंगाला, माझी खूण खालच्या.

एका जागी मापून भागत नाही, हे डोक्यात भिनलं ते समुद्राचा तळ मापताना. खाऱ्या पाण्यात रडार मरतं, म्हणून तिथे आवाज सोडायचा. तो सेकंदाला साधारण 1500 मीटर पळतो, तळाला लागून परततो, थोडा गाळातही शिरतो. बारीक आवाज बारीकसारीक दाखवतो पण खोल जात नाही. जाड आवाज खोल जातो, पण सांगतो मोघम. गाळात वायू अडकलेला असला तर दोघेही हात टेकतात. बोट मात्र पाभर हाकल्यासारखी चालते: सरळ तास, वळण, शेजारचा तास. शेवटी सगळ्यांना छेदणारे आडवे तास. उभ्या-आडव्याचा मेळ बसेना, तर आमचे सर काही न बोलता चष्मा काढून ठेवतात. आता मी शिकवते, तर मीही तेच करते. (चष्मा लागलाय, आई. सांगायचं राहिलं.)

गावात कोणी विचारलं, की आबा म्हणे सांगतात, "पोर शिकेल पाणाडी शे." चालेल मला!

या वेळी आधी चुंबकमापी घेऊन ती धार आडवी ओलांडीन, म्हणजे भिंत कुठवर गेलीय ते कळेल. मग सळयांच्या दोन रांगा, एकमेकींना छेदून. दोन्ही एकच सांगत असतील तरच खूण करीन. पाणी लागेलच असं म्हणत नाही. जुळलं नाही तर बोअर नको, हेही तोंडावर सांगेन.

आई, पुरणपोळीचं तू बघ, पण जाडं मीठ दोन किलो आणून ठेव.

तुमची,
बेबी