सायकलवाल्यांना रस्त्याची डावी कड तरी नीट द्या

मा. संपादक, नमस्कार.

नाशिक सायकलवाल्यांचं शहर आहे हे आपण सगळेच अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. 2015 ला डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली, 2017 ला लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथांनी तीच रेस एकट्याने मारली, म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जवळजवळ 4800 किलोमीटर. शिवाय आपल्याकडून पंढरपूरला सायकल वारी जाते ती वेगळीच. पण मी आज लिहितेय ते ज्यांना कुठलीच रेस करायची नाही अशा लोकांसाठी. सातपूर-अंबडच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला सायकलवर जाणारे कामगार, क्लासला जाणारी पोरं, आणि माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या बायका, ज्यांचे गुडघे जिना उतरताना कुरकुरायला लागलेत.

या गुडघ्यांचंच आधी सांगते कारण बऱ्याच जणांना वाटतं की गुडघा दुखतो म्हणजे सायकल बंद. खरं तर उलटं आहे. आपण साधं सपाटीवर चालतो तेव्हा गुडघ्यावर आपल्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, जिना उतरताना तो तीन पटीच्या वर जातो आणि पळताना आणखी वाढतो. सायकलवर मात्र शरीराचं बरंचसं वजन सीट घेते, त्यामुळे सपाट रस्त्यावर आरामात पॅडल मारलं तर गुडघ्यावरचा भार वजनाच्या सव्वा-दीड पटीपर्यंतच राहतो, आणि जमिनीवर पाय आपटल्याचा हादरा तर अजिबातच नाही. वर गुडघा सारखा वाकतो-सरळ होतो त्यामुळे सांध्यातलं वंगण फिरत राहतं, कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तिला पोषण मिळतं ते या हालचालीतूनच. मांडीचे स्नायू मजबूत झाले की तेच गुडघ्याला सांभाळतात. शुगर असणाऱ्यांना तर याचा दुहेरी फायदा, काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो आणि व्यायाम संपल्यावरही काही तास ते चालू राहतं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. शहरातली आपली कामं बघा, बँक, भाजी, मुलीचं घर, दवाखाना, बहुतेक सगळं पाच-सहा किलोमीटरच्या आत असतं, जाऊन-येऊन एवढा वेळ सहज भरतो, जिमची फी नको आणि वेगळा वेळ काढायला नको.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, सायकलने हाडं फारशी घट्ट होत नाहीत, कारण हाडाला भार लागतो आणि इथे भारच कमी आहे. म्हणून पाळी गेलेल्या बायकांनी नुसत्या सायकलवर राहू नये, थोडं चालणं आणि थोडं वजन उचलणं ठेवावंच. आणि सीटची उंची! आपल्याकडे नव्वद टक्के लोक सीट इतकी खाली ठेवतात की दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, आणि मग सायकलने गुडघे दुखतात म्हणून तिला अडगळीत टाकतात. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात आपोआप थोडासा बाक राहतो, तेवढाच हवा. गियर असतील तर हलका गियर लावून भरभर पाय फिरवा, जड गियरवर जोर काढला की गुडघ्याची वाट लागते. सुरुवातीला गंगापूर रोडला सोमेश्वरपर्यंत जाऊन परत या, त्र्यंबकचा चढ लगेच धरू नका.

आता एवढे फायदे असताना माझ्या बिल्डिंगमधल्या बायका सायकल का काढत नाहीत असं विचारलं तर उत्तर एकच, भीती वाटते. आणि ती भीती खोटी नाही हो. सायकल ट्रॅक पाहिजेत असं सगळे म्हणतात, मलाही पाहिजेत, पण त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ या स्मार्ट रोडवर ट्रॅक आखला तो जेमतेम किलोमीटरभर, आणि सायकलवाल्याला तर सगळ्या शहरात फिरायचंय. सगळीकडे ट्रॅक व्हायला किती वर्षं लागतील देव जाणे. तोपर्यंत आमच्या वाट्याला येते ती रस्त्याची डावी कड, डावीकडचे तीन-चार फूट. माझं सगळं म्हणणं या तीन-चार फुटांबद्दल आहे.

या पट्ट्यात काय काय असतं ते मोटारीतून कळत नाही. रस्त्यावर डांबराचा नवा थर टाकला की कडेला तीन-चार इंचांची पायरी तयार होते, मागून गाडी आली म्हणून खाली उतरलात तर परत वर चढताना चाक त्या पायरीला घासत जातं आणि माणूस आडवा, तोही थेट ट्रॅफिकच्या बाजूला. पावसाळी गटारांच्या जाळ्यांच्या फटी कित्येक ठिकाणी रस्त्याच्या दिशेनेच असतात, त्याच फटी आडव्या बसवल्या तर चाक वरून निघून जातं, उभ्या असल्या तर सायकलचं बारीक चाक सरळ आत. आमच्या भागात एका जाळीत माझ्या पुढे चाललेल्या एका मुलाचं चाक अडकलं होतं, पोरगं हँडलवरून पुढे गेलं, हेल्मेट होतं म्हणून कपाळावर खरचटण्यावर निभावलं. जाळी फिरवून बसवायला काय लागतं? मग बांधकामाची सांडलेली वाळू आणि खडी, फुटलेल्या बाटल्या, केबलसाठी खोदून नुसत्या मातीने बुजवलेले चर, आणि यातून उरलेल्या जागेत पार्क केलेल्या गाड्या.

पार्क केलेल्या गाडीचं दार हा तर वेगळाच जीवघेणा प्रकार. माणूस मोबाईल बघत दार उघडतो आणि सायकलवाल्याला ब्रेक मारायलाही वेळ मिळत नाही. याला फुकटातला उपाय आहे, दारापासून लांब असलेल्या हाताने दार उघडायचं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याने डाव्या हाताने दार उघडलं की खांदा वळतो आणि नजर आपोआप मागे जाते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, 2022 पासून हे लिहूनच ठेवलंय, आपल्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी शिकवायला सुरुवात केली तर कुणाची परवानगी लागत नाही. डावीकडच्या दारातून उतरणाऱ्यांनी पण उजव्या हाताने हेच करावं, कारण सिग्नलला मधेच गाडी थांबवून पोरांना डावीकडून उतरवणारे खूप असतात. त्याच हायवे कोडमध्ये सायकलला ओव्हरटेक करताना निदान दीड मीटर अंतर ठेवा असं आहे, जर्मनीत शहरात दीड आणि बाहेर दोन मीटर असा नियमच आहे. इथे आपल्या कोपराला आरसा लागेल इतक्या जवळून गाडी जाते आणि वर हॉर्न. हॉर्नने सायकलवाला दचकतो, हॅंडल हलतं, आणि दचकलेली सायकल कुठेही जाऊ शकते एवढं तरी लक्षात घ्या.

सायकलवाल्यांनाही चार शब्द सांगते, रागावू नका. रॉंग साइडने येऊ नका, समोरून येणाऱ्या गाडीचा आणि तुमचा वेग बेरीज होऊन धडकतो. गटाराला चिकटून चालवू नका, कडेपासून दोन-तीन फूट आत सरळ रेषेत चालवा, पार्क केलेल्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आत-बाहेर केलं की मागच्याला तुम्ही मधेच उगवल्यासारखे दिसता. सिग्नलला ट्रक किंवा बसच्या डाव्या बाजूला कधीच, कधीच घुसू नका, ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही आणि तो डावीकडे वळला की मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून येतात. पाथर्डी फाटा, सातपूर, अंबडकडे हे रोज बघायला मिळतं. सिटीलिंकची बस स्टॉपला लागत असेल तर मागे थांबा, अर्धा मिनिट जाईल. बायकांनी ओढणी बांधून घ्या आणि चेन कव्हर असलेलीच सायकल घ्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं असतं तेव्हा मागचा लाल लाइट लुकलुकत राहू द्या आणि पुढचा पांढरा पण लावा, नुसता पांढरा शर्ट पुरत नाही. शिफ्टच्या कामगारांपैकी फार थोड्यांच्या सायकलला मागे लाइट असतो, कंपन्यांनी दिवाळीत मिठाईच्या बॉक्ससोबत एक लाइट आणि रिफ्लेक्टरचं जॅकेट दिलं तर किती चांगलं होईल. शहराबाहेर जाणाऱ्यांनी कांद्याच्या आणि द्राक्षाच्या सीझनला अंधारात जपून जावं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसला की ती अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

2027 च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची मोठी कामं होतायत. रस्ता रुंद करा, कॉंक्रीट करा, काय करायचं ते करा, पण प्रत्येक कामाच्या टेंडरमध्ये डाव्या कडेसाठी दोन ओळी घाला, की कडेला पायरी राहणार नाही आणि जाळीच्या फटी रस्त्याला आडव्याच बसतील, आणि हे तपासल्याशिवाय बिल निघणार नाही. शाळांच्या आणि बाजाराच्या भागात वेग तासाला 30 किलोमीटरच्या वर जाऊ देऊ नका, रस्ता सुरक्षेवरच्या 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जिथे माणसं आणि गाड्या एकत्र असतात तिथे हाच वेग सांगितलाय. वाळू-खडी रस्त्यावर टाकणाऱ्या बिल्डरला दंड करायला तर नवीन कायदासुद्धा लागणार नाही. आणि सगळं एकदम होत नसेल तर निदान जाळ्या आधी घ्या आणि पावसाळ्याच्या आत घ्या, कारण एकदा रस्त्यावर पाणी साचलं की जाळी कुठे आहे हे सायकलवाल्याला दिसतच नाही.

आपली,
एक नियमित वाचक, इंदिरानगर, नाशिक