चर्च ऑर्गन म्हणजे मोठी पेटी नव्हे

मा. संपादक साहेब, स.न.

रविवारच्या पुरवणीतला पेटीवरचा लेख झकास होता, आपल्या बेळगावच्या पं. रामभाऊ विजापुरेंचं नाव बघून तर बरंच वाटलं, पण शेवटी चर्चमधला ऑर्गन म्हणजे मोठी पेटीच आणि त्यात काय भाव नसतो, असं एका ओळीत उडवून टाकलंय ते पटलं नाही बघा. पेटीत धातूच्या रीड म्हणजे पातळ पट्ट्या थरथरतात, चर्च ऑर्गनचे बहुतेक पाइप बासरीसारखे फुंकीवर बोलतात, आणि आपल्या संगीत नाटकातला पायाचा ऑर्गन म्हणाल तर तो पेटीच्याच जातीचा.

भावाची अडचण मात्र खरी आहे. इकडं खानापूर भागात भजनाला पेटीवाला भाता हलका करत करत सूर अलगद विझवतो, चर्च ऑर्गनवर बोट कितीही जोरात दाबा, पाइप तेवढाच बोलणार. मग वादक करतो काय, तर सूर सोडायचा कधी, दोन सुरांमध्ये जागा किती ठेवायची, कुठले स्टॉप (कुठले पाइप बोलवायचे ते ठरवणाऱ्या खुंट्या) ओढायचे, यातच सगळा जीव ओततो.

खोटं वाटत असेल तर हेल्मुट वाल्खा ऐका की. हे जर्मन वादक तरुणपणीच आंधळे झाले, बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचं ऑर्गनचं सगळं संगीत पाठ. १९५० च्या सुमाराला त्यांनी जर्मनीतल्या काप्पेल गावच्या ऑर्गनवर रेकॉर्डिंग केलं, तो आर्प श्निटगरने १६८० मध्ये हॅम्बुर्गच्या एका चर्चसाठी बांधलेला आणि १८१६ मध्ये या गावानं सेकंडहँड घेतलेला (जुना माल घ्यावा तर असा!). रेकॉर्डिंग जुनं, मोनो म्हणजे एकाच चॅनेलचं आहे, तरी सूर उमटताना वाऱ्याची बारीक फुस्स कानाला लागते, आणि माझ्या मते आजच्या कित्येक चकाचक रेकॉर्डिंगमध्ये हेच पुसलेलं असतं.

फ्रेंच ऑर्गनवादक आणि संगीतकार विदोर यांनी तर १९३२ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, पॅरिसच्या सेंट-सुल्पिसमध्ये स्वतःची रचना रेकॉर्ड केली, ती पण चांगली सावकाश, कारण एवढ्या मोठ्या चर्चमध्ये आधीचा घुमारा विरायच्या आत पुढचे सूर कोंबले की नुसता गोंगाट होतो, आणि हल्लीचे वादक नेमकं तेच करतात.

फक्त हे फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, ३२ फुटी पाइपचा सगळ्यात खालचा सूर १६ हर्ट्झच्या आसपास असतो, तो तिथं येतच नाही. आणि पुरवणीत ऑर्गनच्या रेकॉर्डिंगबद्दल कधी छापलंत तर वादकाबरोबर ऑर्गन कुठल्या चर्चमधला, कुणी बांधला, कुठल्या साली, एवढं तरी द्या.

एक वाचक, खानापूर, जि. बेळगाव