बागेतल्या जिमची दोरी : जोर किती लागावा ते ओढणाऱ्याच्या वेगावर ठरू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत आता बाग तिथे ओपन जिम झालंय, चांगलीच गोष्ट आहे, सकाळी सहाला गेलात तर निवृत्त मंडळी, नाईट शिफ्ट करून आलेली पोरं, पंजाबी ड्रेसवर स्पोर्ट शूज घातलेल्या काकू, सगळे तिथे. मला लिहायचंय ते फक्त वरून ओढायच्या मशीनबद्दल. आयुष्य वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये गेलं त्यामुळे मशीन दिसलं की आधी आत काय आहे ते बघायची खोड आहे. तर या मशीनमध्ये आत काहीच नसतं. दांडा खाली ओढला की लिव्हरने सीट वर उचलली जाते, म्हणजे तुम्ही स्वतःचंच वजन उचलता. 90 किलोच्या सांधे दुखणाऱ्या माणसाला जास्त जोर लावावा लागतो आणि 55 किलोच्या तरण्या पोराला कमी, म्हणजे सगळं उलटंच की हो.

मग काही जण म्हणतात स्प्रिंग लावा. स्प्रिंग जेवढी ताणाल तेवढी जड होत जाते, हात जिथे शेवटी कमजोर पडतो नेमकी तिथेच ती सगळ्यात जास्त ओढते आणि हात सुटला तर दांडा तोंडावर. वजनाच्या प्लेटा लावायच्या तर बागेत पोरांची बोटं सापडणार, पिना गायब होणार, शिवाय झटक्याने ओढलं की प्लेटा उडतात आणि दोरी मध्येच सैल पडते.

माझं म्हणणं असं की दांड्याच्या जागी ओढायची दोरी असावी आणि तिला लागणारा जोर ओढणाऱ्याच्या वेगावर ठरला पाहिजे. आजीने हळू ओढली तर हलकी लागेल, पहिलवानाने जोरात ओढली तर जड लागेल, सोडली तर काहीच नाही, मध्ये कुठलीही पिन बदलायची नाही की चावी फिरवायची नाही. आणि हे साध्या घर्षणावर, ब्रेक शू आणि ड्रम वापरून होतं, त्याला वीज लागत नाही आणि परदेशी पार्टही लागत नाहीत.

आता कुणी म्हणेल घर्षणच हवं तर दोरीला एखाद्या दांड्यावर वेढे द्या, संपलं. कोळी लोक होडी बांधताना खुंटाला दोन वेढे मारतात आणि दोन बोटांनी अख्खी होडी धरतात तसं. हा प्रकार अपोलो यानांत अंतराळवीरांच्या व्यायामासाठीही होता, नायलॉनची दोरी आतल्या दांड्यावर गुंडाळलेली, मागचं टोक जरा धरून ठेवलं की पुढचं ओढायला जड. पण आपल्याकडे उघड्यावर हे चालणार नाही, कारण वेढ्यांचं गणित फार चढतं असतं. घर्षणांक, म्हणजे घासणाऱ्या दोन गोष्टींची पकड किती ते सांगणारा आकडा, 0.3 असेल तर एका वेढ्याला जोर साडेसहापट होतो, दोन वेढ्यांना 43 पट. तोच घर्षणांक घामाने किंवा पावसाने 0.2 वर आला की दोन वेढ्यांचे 43 चे होतात 12. म्हणजे मेमध्ये एक मशीन आणि जुलैमध्ये दुसरंच. शिवाय कोरडं घर्षण वेग बघतच नाही, हळू ओढा नाहीतर जोरात, तेवढंच लागतं, उलट सुरुवातीला अडतं आणि मग एकदम सुटतं, तो झटका खांद्याला बसतो.

उपाय आहे सेंट्रिफ्यूगल ब्रेक. गिअर नसलेल्या स्कूटरच्या क्लचमध्ये असतो तोच प्रकार, फिरणाऱ्या प्लेटवर वजनदार शू, वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि ड्रमला आतून घासतात. जुन्या डायलच्या फोनमध्ये डायल सोडली की ती ठरलेल्या वेगानेच परत यायची, तिथेही आत असाच छोटासा गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, होता. आपल्या इमारतींच्या लिफ्टमध्ये दोर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळाला तर ट्रिप करणारा जो गव्हर्नर असतो त्यातही अशीच वजनं बाहेर फेकली जातात. म्हणजे मी काही नवीन शोध लावला असं अजिबात नाही.

शू दाबायचा जोर वेगाच्या वर्गात वाढतो, वेग दुप्पट की जोर चौपट. प्रत्यक्ष आकडे सांगतो कारण आकड्यांशिवाय नुसती बडबड होते. दोरीची फिरकी 40 मिलिमीटर व्यासाची धरा, दोरी सेकंदाला एक मीटर ओढली तर फिरकी मिनिटाला साधारण 480 फेरे घेते. शंभर-शंभर ग्रॅमचे दोन शू, त्यांचं वजन मध्यापासून 45 मिलिमीटरवर, ड्रम दुचाकीचा 110 मिलिमीटरचा, घर्षणांक 0.3. हे सगळं थेट फिरकीच्या शाफ्टवर बसवलं तर दोरीला जेमतेम दोन किलोचा जोर येतो, हसतील लोक. इथे बरेच जण शू जड करत सुटतात. त्याची गरज नाही, मध्ये एकास दोन असा गिअर किंवा चेन टाका, ब्रेकचा शाफ्ट दुप्पट फिरेल म्हणून त्याचा टॉर्क, म्हणजे फिरण्याला होणारा विरोध, चौपट, आणि गिअरमुळे तो फिरकीवर येताना परत दुप्पट, म्हणजे एकूण आठपट. दोन किलोचे झाले 15 किलो. सेकंदाला अर्धा मीटर ओढणाऱ्या आजींना तेच मशीन पावणेचार किलो देतं आणि दीड मीटरने खेचणाऱ्या पोराला 34 किलो. एका खांबावर एकाच दोरीने एवढी रेंज दुसरं काय देतंय?

आणि पावसाळ्याचा प्रश्न इथे कसा सुटतो ते बघा. लायनर, म्हणजे शूवर चिकटवलेला घासणारा थर, दमट होऊन घर्षणांक 0.3 चा 0.2 झाला तर जोर तेवढ्याच प्रमाणात कमी होतो, एक तृतीयांश, वेढ्यांसारखा कोसळत नाही. ओढणारा माणूस आपोआप जरा जलद ओढतो, वेग 22 टक्के वाढला की जोर पुन्हा पहिल्याएवढा. त्याला कळतही नाही काही बदललंय म्हणून.

मित्राच्या शेडमध्ये आम्ही असं एक मशीन बनवून बघितलंय, त्यातून दिसलेल्या गोष्टी लिहितो. स्कूटरचा क्लच जसाच्या तसा बसवला तर तो लागणारच नाही, त्याच्या स्प्रिंगा इंजिनाच्या वेगाच्या हिशोबाने कडक असतात आणि आपला शाफ्ट फिरतोय मिनिटाला जेमतेम साडेनऊशे, तेव्हा शूच्या स्प्रिंगा अगदी मऊ घ्याव्या लागतात. दोरी परत गुंडाळायला जनरेटर हाताने सुरू करायची दोरी असते ना, त्यातली चपटी गुंडाळी स्प्रिंग चालते, मंडपवाल्यांच्या जनरेटरची जुनी असेंब्ली भंगारात सहज मिळते. मात्र परत जाताना ब्रेक सुटला पाहिजे म्हणून मध्ये एकाच दिशेला पकडणारं वन वे बेअरिंग हवं. सायकलचं फ्रीव्हील स्वस्त पडतं पण त्याच्या दातांमध्ये थोडा खेळ असतो आणि प्रत्येक ओढीला टक्क करून झटका बसतो, रोलरवालं घ्या, पैसे जातात पण मनगट वाचतं.

शू पिनवर बसवताना दिशा बघावी लागते. पिन पुढे आणि शू मागून फरफटत येतोय असं ठेवलं तर घर्षण शूला आत ढकलतं आणि ब्रेक मऊ लागतो. उलटं बसवलं तर घर्षणच शूला आणखी बाहेर ड्रमवर रोवतं आणि ब्रेक एकदम पकडतो, गाडीत ते हवंच असतं पण इथे खांदा उखडेल.

उष्णतेचं काय, तर 15 किलोने सेकंदाला मीटर म्हणजे खेचताना 150 वॅट, अर्धा वेळ दोरी परत जाते म्हणून सरासरी 75. वीस मिनिटांत 90 हजार ज्यूल, आणि दीड किलोच्या अ‍ॅल्युमिनियमच्या ड्रममधून काहीच उष्णता बाहेर गेली नाही असं धरलं तर तो 65-70 डिग्रीने तापेल. बागेत तर एक उठला की दुसरा बसतो. म्हणून ड्रमला फिन्स म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्या हव्यात, वर जाळी हवी म्हणजे कुणी हात लावणार नाही. आमच्याकडे पहिल्यांदा बंद डब्यात ठेवून चालवलं तेव्हा थोड्या वेळात करपल्याचा वास यायला लागला, उघडून बघितलं तर लायनरवर काळी काचेसारखी चकाकी आलेली आणि पकड निम्मी. एमरी पेपर मारला, डब्याला खालून वरून भोकं पाडली, मग चाललं. गंज दुसरी गोष्ट. ड्रमची आतली रिंग बिडाची असते, रात्रभर पाऊस झाला की सकाळी तिच्यावर तांबडी रेघ येते आणि पहिल्या दोन-चार ओढींना किर्रर्र आवाज, नंतर साफ होते. खाडीच्या हवेत हे व्हायचंच, वर छोटं छप्पर घातलं की पुरे.

पंखा किंवा चुंबक का नाही असं विचारणारे भेटतात. पंख्याचं रोइंग मशीन छान असतं, तिथेही जोर वेगाच्या वर्गातच वाढतो, पण बागेत त्याचा घोंगाट आणि जाळीत घुसणारी पोरांची बोटं कोण सांभाळणार. चुंबक आणि अ‍ॅल्युमिनियमची चकती हे खरं तर सगळ्यात सुंदर, काही घासतच नाही, जुन्या विजेच्या मीटरमधली फिरती चकती चुंबकानेच आवरलेली असायची. पण कमी वेगात ते फार हलकं लागतं म्हणून गिअर जास्त लागतो, आणि तगडी चुंबकं उघड्यावर किती दिवस टिकतील, म्हणजे चोरीला न जाता, ते ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. लायनर कुणी चोरत नाही. झिजला तर कोपऱ्यावरचा गॅरेजवाला चिकटवून देतो.

एक मर्यादा आहे ती आत्ताच सांगतो म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. हा ब्रेक फक्त ओढताना विरोध करतो, वजन हळूहळू खाली सोडताना स्नायूला जो ताण मिळतो तो इथे नाही, आणि दोरी एका जागी धरून ठेवली तर जोर शून्य. ज्यांना बॉडी बनवायचीय त्यांनी लोखंडच उचलावं. बागेत येणाऱ्या बहुतेकांना मात्र हीच गोष्ट सोयीची आहे, दमलं की सोडून द्या, अंगावर काही पडत नाही, आणि उतरत्या ताणाने दुसऱ्या दिवशी जे अंग धरतं तेही बरंच कमी.

बागांच्या साहित्याची टेंडरं काढणाऱ्यांनी ओढायच्या मशीनखाली नुसतं "हेवी ड्युटी" लिहिण्याऐवजी सेकंदाला अर्ध्या मीटरला किती किलो आणि एका मीटरला किती किलो हे दोन आकडे मागावेत, साधा ताणकाटा आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन कुणीही तपासू शकतं. आणि वागळे, रबाळे, महापे इथल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनी हे मनावर घ्यावं, यात लेथवर होणार नाही असं एकही काम नाही. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना प्रोजेक्टसाठी ड्रॉइंग हवं असेल तर मी फुकट देईन. फक्त गोल दोरी वापरू नका रे बाबांनो, ती एकावर एक गुंडाळली जाते, फिरकीचा व्यास मध्येच वाढतो आणि ओढता ओढता जोर बदलतो. फिरकी रुंद घ्या, दोरीचा एकच थर बसेल अशी, नाहीतर बॅगेच्या पट्ट्यासारखी पातळ सपाट पट्टी लावा आणि थर जाड होणार तो हिशोबात धरा.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फिटर,
कोपरी, ठाणे (पूर्व)