बाबांच्या दुधाच्या वहीबद्दल

आई, बाबा,

फोनवर हे नीट बोलताच येत नाही, आई रडायला लागते आणि बाबा "बरंय बरंय" म्हणून फोन ठेवून देतात, म्हणून लिहितेय. आई, बाबांना वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

बाबांच्या एमआरआयचा रिपोर्ट आल्यापासून तू एकच धरून बसलीयेस, मेंदूत डाग आलेत म्हणजे आता सगळं संपलं. मी परवा डॉक्टरांसमोर बसून ती फिल्म बघितली. मेंदूच्या आत खोल, दोन्ही बाजूंना अगदी सारख्या जागी पांढुरकं दिसतं, त्या भागाला ग्लोबस पॅलिडस म्हणतात. ती गाठ नाही, गुठळी पण नाही, तिथे मँगनीज नावाचा धातू साठलाय. रोजच्या खाण्यातून थोडं मँगनीज पोटात जातंच, लिव्हर ते पित्तातून बाहेर टाकतं, बाबांचं लिव्हर सिरॉसिसने आखडलंय म्हणून ते रक्तात राहून मेंदूत जाऊन बसतं. ज्यांचं लिव्हर ट्रान्सप्लांट होतं त्यांचा हा पांढरेपणा पुढे काही महिन्यांत ओसरत जातो. आणि तो किती दिसतो त्यावरून माणूस किती गोंधळलाय हे ठरत नाही.

गोंधळ होतो तो मुख्यतः अमोनियामुळे. आतड्यात तो तयार होतो, चांगलं लिव्हर त्याचा युरिया करून लघवीवाटे घालवतं, ते जमलं नाही की मेंदूच्या पेशींना सूज येते. दिवसा झोप, रात्री टक्क जागं, हात पुढे धरले की पंजे फडफडणं, सगळं त्यातलंच. आई, बाबा रात्री दोनला उठून तुला "तू कोण, माझ्या घरात काय करतेस" म्हणाले ना, ते बाबा नव्हते गं. आपण सहा महिने त्यांना हट्टी म्हणत राहिलो, आधीच्या डॉक्टरांनी वयामुळे होतं म्हणून झोपेची गोळी दिली आणि ती तर लिव्हरच्या या आजारात द्यायचीच नसते. मी सुद्धा फोनवर बाबांवर ओरडले होते, ते मला अजून टोचतंय. बाबा, सॉरी.

दिवाळीत मी तुमची दुधाची वही चाळली. श्रावणापर्यंत आकडे एका रेषेत, मग हळूहळू खाली घसरलेले, एका पानावर दीड लिटर तीनदा लिहिलंय आणि शेवटची सही तर ओळखू येत नाही. ३२ वर्षं एसटी डेपोत हिशेब लिहिलेल्या माणसाची वही ती! तेव्हाच कळायला हवं होतं.

आता मुद्द्याचं. लॅक्टुलोजचं सिरप, म्हणजे पोट साफ करून अमोनिया बाहेर काढणारं औषध, बंद करू नका. परवा लग्नाला जायचं म्हणून, तिथे संडासला कुठे जाणार म्हणून दोन दिवस घेतलं नाहीत आणि तिसऱ्या दिवशी शर्टाची बटणं लावता येईनात. दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ संडास होणं हाच औषधाचा हिशेब आहे, पाण्यासारखं जास्त व्हायला लागलं तर डॉक्टरांना विचारून डोस कमी करायचा, मनाने थांबवायचं नाही. आतड्यातले अमोनिया करणारे जंतू कमी करणारी रिफॅक्सिमिन ५५० ची गोळी सकाळ-संध्याकाळ. आणि आई, शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून डाळ, दही, पनीर बंद करू नकोस, प्रोटीन कमी केलं की अंगातले स्नायू झडतात आणि अमोनिया आवरायला स्नायूच मदत करतात. रात्री झोपायच्या आधी दूध-पोहे किंवा असंच काहीतरी दे, रात्रभर पोट रिकामं नको. ताप आला, काळी संडास झाली किंवा जास्त झोप यायला लागली तर माझी वाट बघू नका, सरळ गाडी करून दवाखान्यात न्या.

बाबा, वही परत सुरू करा. रोज दुधाचा आकडा, खाली सही, आणि आई त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकेल. अक्षर वाकडं झालं की मला इथे बसून कळेल. कालची सही सरळ होती, मी दोनदा झूम करून बघितली. आजची अजून आली नाहीये, जेवण झालं की पाठवा.

तुमची,
ताई